गोळी आणि चहाच्या मधली वेळ

आई, आज पुन्हा रिपोर्ट चांगला आला. इथे परदेशात, तोआ पायोह भागातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थायरॉइडचा आकडा अगदी जागेवर आहे, डोस वाढवायची गरज नाही. मी विचारलं, मग जिना चढताना पाय का ओढावे लागतात, मीटिंगमध्ये साधेसाधे शब्द का सुचत नाहीत, केस का गळतात? त्या हसल्या नाहीत, हे त्यांचं चांगलं. गोळी लागू पडूनही काहींना असा त्रास राहतो म्हणाल्या, आणि लोह, झोप, सगळं तपासू या म्हणाल्या. तरी बाहेर आल्यावर मला रडू आलं. आकडा बिघडलेला असता तर निदान बोट दाखवायला काहीतरी मिळालं असतं.

घरी सांगितलं तर नवरा खूश. नॉर्मल आहे ना, मग झालं तर, म्हणाला. प्रेमानंच म्हणाला, त्यामुळे धड भांडताही आलं नाही. आमच्या घराजवळ, सेंगकांगच्या बसस्टॉपवर, इथल्या बारमाही उकाड्यात घामाघूम माणसांमध्ये स्वेटर घातलेली मी एकटीच असते. कुणी विचारलं तर ऑफिसातल्या एसीवर ढकलते.

तुझी थायरॉइडची गोळी फार आठवते हल्ली. उपाशीपोटी ती घ्यायची आणि अर्धा तास चहा नाही. पुण्याच्या आपल्या स्वयंपाकघरात आधणाचं पातेलं शेगडीवर तयार, पण गॅस बंद. चहाशिवाय तुझा दिवस सुरू व्हायचा नाही, म्हणून तेवढा वेळ माझ्या वेणीशिवाय तू कुणाचंच काही करायची नाहीस. बाबासुद्धा मुकाट्यानं आपले मोजे आपणच शोधायचे. तू मला पुढ्यात बसवून वेणी घालतेस. तुझी गारढोण बोटं मानेला लागतात, मी अंग चोरते, तू मुद्दाम पुन्हा लावतेस. "थांब गं, जरा शेकून घेते," म्हणतेस. दमलेय असं तू कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. म्हणाली असतीस, तर मलाही म्हणता आलं असतं.

आता मीही गोळी घेऊन तशीच आधण ठेवून बसते. काल लेकीची वेणी घालायला घेतली, तर "मम्मा, युअर हँड्स सो कोल्ड लाह," असं इथल्या मुलांसारखं शेवटी 'लाह' लावत म्हणून ती निसटली. मला तिच्यामागे उठवेना. "दमलेय गं मी," एवढंच म्हणाले. घरात हे मी पहिल्यांदाच बोलले. ती दारातून परत आली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. वेणी वाकडीच झाली, तशीच ती दप्तर घेऊन निघाली.

हे तुलाच सांगायचं होतं, पण तू गेलीस तिथला पत्ता कुठून आणू? एक राहिलं. ती शाळेत गेल्यावर मी केस वर धरले, डोळे मिटले आणि माझाच गार हात मानेवर ठेवला. या वेळी अंग चोरलं नाही.