चारुलताचा मजकूर

नागपूर, ९ नोव्हेंबर १९७७

तीर्थरूप बाबांस,
चारुलताचा सविनय जयभीम. आईलाही सांगावा.

मला नोकरी लागली! सीताबर्डीवर वामनरावांचं जाहिरातींचं ऑफिस आहे. दुकानदार येतात, काय विकायचं ते सांगतात. मजकूर मी लिहिते, तो वर्तमानपत्रात येतो. पहिली जाहिरात स्वेटरची. वामनरावांनी तीनदा खोडली. म्हणाले, बाई, हा निबंध झाला, गिऱ्हाईक चालता चालता वाचतं. चौथ्यांदा सात शब्दांत लिहिली, तेव्हा कुठे हसले.

लिहिताना लकडगंजचा लाकूडबाजार आठवतो. तुम्ही सागाच्या फळ्या वाहायचे आणि मी ओंडक्यावर बसून दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचायची.

माया असू द्यावी.
चारुलता

वेलतूर, १८ नोव्हेंबर १९७७

चि. चारुलतास,
आनंदरावाचे अनेक आशीर्वाद.

तुह्या मायले पत्र दोनदा वाचून दाखवलं. म्हणे, लहानपणी घडीभर चूप बसत नव्हती, तेच कामाले आलं.

पाट्यांची एक गोष्ट तुले कधी सांगतली नाही. तू ‘तेल’ वाचलं का मी फळी खाली ठेवून ते अक्षर निरखून पाहो. मालक ओरडे, काहून थांबला गा? मी म्हणो, पाठ दुखते. मले वाचता तिथंच आलं, माय.

तब्येतीले जप.
तुझा बाबा

नागपूर, २६ डिसेंबर १९७७

तीर्थरूप बाबांस, सविनय जयभीम.

परवा प्रताप नगरचे एक घरमालक आले. कापडाचं दुकानही त्यांचंच, ऑफिसचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या होत्या. मला म्हणाले, बौद्ध नकोत, पण सरळ लिहू नका, गोड शब्दांत बसवा.

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, मी बौद्ध आहे, मला हे लिहिता येणार नाही. वामनराव गप्पच राहिले. मी पिशवी उचलून निघून आले. दोन दिवस गेले नाही. जाऊ की नको, लिहा.

चारुलता

वेलतूर, ३१ डिसेंबर १९७७

चि. चारुलतास आशीर्वाद.

अठ्ठावन साली तुले कडेवर घेऊन आमी नागपुरात खोली पाहाले गेलो. मालकिणीनं चहा ठेवला, मंग विचारलं, कोण तुम्ही? माह्या तोंडून आवाज निघाला नाही. तुही माय बोलली, आम्ही बौद्ध. चहा चुलीवरच राहिला. आमी बोचकं उचललं.

रस्ताभर मी तिच्याशी बोललो नाही. राग मले तिचाच आला होता वं, त्या बाईचा नाही. त्याची शरम अजून जात नाही.

तू मायवर गेली. कामावर जाय. काढायचं तर त्यायनं काढावं, तू आपल्या पायानं निघू नोको.

तुझा बाबा

नागपूर, १४ जानेवारी १९७८

तीर्थरूप बाबांस व आईस, सविनय जयभीम.

पत्र मिळताच गेले. वामनरावांनी ती जाहिरात त्याच दिवशी परत केली होती. कापड दुकानाचं कामही गेलं. मान खाली घालून म्हणाले, मी तेव्हाच तुमच्यासमोर बोलायला हवं होतं, बाई.

मग तुम्हा दोघांना इकडे राहायला आणावं म्हणून मी आपल्या तिघांसाठी एक जाहिरात लिहिली. कात्रण सोबत आहे: ‘भाड्याने खोली पाहिजे. बौद्ध कुटुंब. आई, वडील, नोकरी करणारी मुलगी. चारुलता आनंदराव मेश्राम.’

आठवडाभरात एकच उत्तर आलं. शहराबाहेरच्या वाडी गावच्या शोभाताई लिहितात, खोली लहान आहे, दिवसभर ट्रकांचा आवाज असतो, पण या. मी हो कळवून टाकलं. आईला विचारा, कधी निघता?

आता लोभ समोरासमोर असावा.
तुमची,
चारुलता