नखीखालचा नंबर

ता. ९, मंगळवार

प्रिय छोट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघी ठीक आहोत. आईचा गुडघा सध्या कुरकुरत नाही, त्याची कसर ती स्वतः भरून काढते. तुझ्या साखरपुड्यासाठी घेतलेल्या चपला दोनदा बदलून आणल्या आणि आता म्हणते पहिल्याच बऱ्या होत्या.

कालपासून तुझे तीन फोन आले, मी उचलले नाहीत. फोनवर तू ‘अगं ताई’ म्हणतोस आणि मी विरघळते. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, म्हणून पत्र.

आधी दुकानातलं ऐक. आमच्या काउंटरवर आता दोन ट्रे असतात. एकात खाणीतले हिरे, दुसऱ्यात प्रयोगशाळेत वाढवलेले. दोन्ही हिरेच. भिंगातून नुसतं बघून मलासुद्धा ओळखता येत नाहीत, त्याला मशीन लागतं. नाहीतर कडेवर केसापेक्षा बारीक नंबर कोरलेला असतो, तो वाचायचा. प्रयोगशाळेतला असेल तर तिथे तसं लिहिलेलंही असतं. काउंटरवरच्या मुलीला आम्ही पोपटीण म्हणतो. पहिल्या ट्रेपुढे ती सांगते, हा कोट्यवधी वर्षं जमिनीच्या पोटात तुमचीच वाट बघत होता. दोन पावलं सरकली की त्याच तोंडाने सांगते, याच्यावर कुणाच्या रक्ताचा डाग नाही. मध्ये घोटभर पाणीसुद्धा पीत नाही. परवा एका होणाऱ्या सासूबाईंनी प्रयोगशाळेतला खडा घेतला आणि डबी मात्र खाणीतल्याची मागितली. मालकांनी हसत दिली. सूनबाई शेजारीच उभी होती, तीही हसली. मागच्या खोलीत येऊन मी साबण लावून हात धुतले, जसं काही मीच काही उचललं होतं.

आणि उचललंच होतं. दुसऱ्यांची शिसारी यायचा मला हक्क राहिलेला नाही, ते सांगायलाच बसले आहे आणि पान भरलं तरी तिथे पोचत नाही.

दोन महिन्यांपूर्वी तू लिहिलंस की तुझ्या होणाऱ्या बायकोला, मास्तरीणबाईंना, खाणीतला हिरा नको आहे, आणि आईला प्रयोगशाळेतला नको. माझ्या सुनेच्या बोटात कारखान्यातला खडा, लोक तोंडात शेण घालतील, हे आईने तुला फोनवर सांगितलेलं वाक्य तूच मला लिहिलंस. आणि खाली तुझा तोडगा. खाणीतला बसव, तिला प्रयोगशाळेतला म्हणून सांग, सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही. तिला काय कळणार, अंगठी तर तूच करणार आहेस.

मी केली. कुणी माझा हात धरला नव्हता. खडा धरून ठेवणाऱ्या चार नख्यांपैकी एक नखी मी बरोबर त्या नंबरावर दाबली, म्हणजे भिंग लावलं तरी वाचता येऊ नये. हे आमच्या धंद्यात जमायला हात बसलेला लागतो. मला एका झटक्यात जमलं, आणि खोटं कशाला सांगू, जमल्याचा आनंदही झाला. आईला नावं ठेवून काय उपयोग? खाण तशी माती.

शनिवारी तुझी मास्तरीण दुकानात आली. मापाला म्हणून आधीच दिलेली अंगठी सैल होत होती. मी तिला मागच्या खोलीत, माझ्या टेबलाशी बसवलं. तिने भिंग मागितलं. प्रयोगशाळेतला आहे असं कडेवर लिहिलेलं असतं ना, ते तिला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. मी म्हटलं, नंबर नखीखाली गेला.

“असू दे,” ती म्हणाली. “तुम्ही बसवलाय म्हणजे झालं.”

मग तिने मला तिच्या वडिलांविषयी सांगितलं. ते खाणीत दगडाला भोकं पाडायचे, हे तुला ठाऊक आहे. ती नववीत असल्यापासून त्यांच्या उशाशी थुंकायला एक पातेलं असायचं, ते रोज सकाळी तिने धुवायचं. थुंकी दगडाच्या धुळीने राखाडी असायची आणि तळाला चिकटून बसायची. नखांनी खरवडावी लागायची. ते गेल्यावर तिच्या आईने पातेलं फेकून दिलं, तर हिला रडू आलं. हे तुला ठाऊक होतं का? असेल तर तू मला ते पत्र लिहिलंस कसं, हेच मला कळत नाही. ठाऊक नसेल तर तू तिला कधी विचारलंच नाहीस.

ती बोलत होती आणि माझ्या टेबलावर ती अंगठी पडली होती. मला माझ्याच बोटांची किळस आली.

काल तिला पुन्हा बोलावलं. तिच्यासमोर चारी नख्या उघडल्या, खडा काढला, भिंग तिच्या हातात दिलं आणि नंबर वाचायला लावला. तो खाणीतल्या हिऱ्याच्या प्रमाणपत्राशी जुळला. तिने भिंग टेबलावर ठेवलं. मग विचारलं, “त्यांना माहीत होतं?”

पुड्यांची अदलाबदल झाली, मालकांची चूक, असं सांगता आलं असतं. माझ्या ओठावर आलं होतं रे, तुझ्यासाठी. पण मी हो म्हटलं. त्याने सांगितलं आणि मी केलं, असंच म्हटलं.

ती रागावली नाही. रिकामी अंगठी घेऊन गेली. उघड्या नख्या ओढणीत अडकल्या, त्या तिने शांतपणे सोडवल्या. जाताना म्हणाली, “खडा पाठवू नका म्हणावं. स्वतः या म्हणावं. मग बघू.” हे पत्र मिळेपर्यंत ती तुझे फोन उचलणार नाही. आधी मला लिहू द्या, असं मीच तिला सांगितलं.

आईला सगळं सांगितलं. तोंड शिवून बसता आलं नाही का, म्हणाली. त्यानंतर तिने साखरपुड्याचं नावही काढलेलं नाही.

खडा माझ्या ड्रॉवरमध्ये पुडीत आहे. तो घ्यायला माझ्याकडे येऊ नकोस. सरळ तिच्याकडे जा आणि पातेल्याचं विचार. ती सांगेल तेवढं सगळं, मध्ये न बोलता, ऐकून घे.

तुझी ताई
(तिची कुणी लागेन की नाही, ते आता तुझ्यावर आहे.)