कालूचा गुडघा

मंगळवार, दिवेलागणीला

आमच्या कालू कुत्र्यानं आठ दिवस मागचा पाय जमिनीला नीट टेकवला नाही. घरच्या हळद-तेलानं भागेल म्हणून मी रोज त्याचा मागे वाकलेला सांधा गुडघा म्हणून चोळत होते. आज बमरोलीला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

“बेन, आ तो एडी छे. घूंटण तो अहीं,” म्हणजे ही तर टाच, गुडघा इथं, असं गुजरातीत म्हणत त्यांनी पोटाजवळ बोट दाबलं, तसा कालू कळवळला. गुडघ्याच्या आतला, हाडं धरून ठेवणारा पट्टा तुटलाय, ऑपरेशन लागेल. पाय आखडू नये म्हणून मी त्याला चालवत राहिले, त्यानं अजून बिघडलं.

हे म्हणाले, “आठ दिवस टाचेची सेवा केलीस की.” टाच. मला हसू आलं नाही. मुकं जनावर, सांगणार कसं?

सप्तशृंगीपुढे मात्र रोज ‘कालूचा गुडघा’ असंच म्हटलं. आईला तरी खरा गुडघा कळला असेल ना?