सातवळणी गल्लीतली खुर्ची

इरापुआतो
४ मे १९८७

चि. सौ. आम्पारो हिस,
अ. उ. आ.

मी इकडे बरी आहे. तू तिकडे बरी असशील असं धरून चालते, कारण विचारलं तर तू तेच सांगतेस. स्ट्रॉबेरीचा हंगाम आटोपला, मुरंब्याच्या शेवटच्या बरण्या भरून झाल्या. यंदा पाक जरा पुढे गेला, पण गिऱ्हाइकांना कळत नाही आणि मी सांगत नाही.

पत्र लिहिण्यास कारण तुला ठाऊक आहे. तुला सातवा महिना लागला आणि तू अजून त्या डोंगराच्या टोकावर बसली आहेस. तुझ्या लग्नानंतर मी एकदाच तिथे आले, ते एकदाच पुरे झालं. एकशे त्रेसष्ट पायऱ्या मी स्वतः मोजल्या आहेत. मी दिलेलं कपाट दुसऱ्या वळणावर अडकलं आणि शेवटी शिंप्याच्या दुकानात ठेवावं लागलं. आज तुझ्या कपाटात शिंपी कापड ठेवतो आणि तुझे कपडे खोक्यात. पाणी दिवसाआड. गॅसचा सिलिंडर हमालाच्या पाठीवरून. मीठ आणायचं विसरलीस तर अळणी जेवायचं. आणि इतकं करून तू लिहितेस की आमच्याकडे हवा फार छान आहे!

हवेचं मला सांगू नकोस. मला एकाच गोष्टीचं उत्तर हवं. वेळ आली की तुला खाली कोण आणणार? गाडी दाराशी येत नाही. जावईबापू दिवसभर खाणीत पंपाशी. कळा सुरू झाल्यावर तू पायऱ्या उतरणार आहेस का? जूनमध्ये सरळ माझ्याकडे ये. माझा रस्ता पाटासारखा सपाट आहे, इस्पितळ चार गल्ल्यांवर, आणि टॅक्सी उंबऱ्याला लागते.

राग मानू नकोस. मानलास तरी ये.

तुझी आई,
एर्मिनिया


ग्वानाहुआतो
१२ मे १९८७

ती. आईस,
शि. सा. न.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन वर येत नाही. तो खाली क्रेसेन्सिओकाका शिंप्याकडे पत्रं टाकतो आणि वर येणाऱ्या कुणाच्या तरी हाती ती चढतात. माझ्या हाती येईपर्यंत सातही वळणांना कळलं होतं की आईचं पत्र आलंय, आणि पाकीट जाड आहे म्हणजे आई चिडलीय.

तुझ्या सगळ्या तक्रारी खऱ्या आहेत. तुझ्याकडून दोन राहिल्या, त्या मीच सांगते. आमच्या खालच्या घराचं छप्पर म्हणजे आमचं अंगण, त्यामुळे त्यांचा कोंबडा पहाटे थेट माझ्या उशीखाली आरवतो. आणि दोरीवर कपडे घातले की तुझ्या जावयाच्या, लेओबार्दोच्या, कुठल्या विजारीला कुठे ठिगळ आहे, ते समोरच्या अख्ख्या टेकडीला दिसतं.

पण आई, तेच कपडे अर्ध्या तासात वाळतात गं. सकाळी खिडकी उघडली की समोरच्या उतारावरची निळी, पिवळी, गुलाबी घरं एकेक करून उन्हात येतात, आणि मी पोळ्या भाजता भाजता बघत राहते. मग मक्याच्या दोन पोळ्या करपतात. रविवारी खालच्या बागेत बँड वाजतो तो आम्हाला फुकट ऐकू येतो, आणि खुर्च्या मांडून बसलेल्या लोकांपेक्षा चांगला ऐकू येतो. गल्लीत गाडी येत नाही म्हणून तू बोल लावतेस, पण गाडी येत नाही म्हणूनच इथली पोरं दिवसभर बिनघोर खेळतात. माझं बाळ दारातून बाहेर धावलं तर फार तर फिदेन्सिओ पाववाल्याच्या टोपलीत पडेल.

आता तुझा प्रश्न. आमच्या गल्लीत जड काही उतरवायचं असलं, मग ती संताची मूर्ती असो, आजारी माणूस असो की शवपेटी, ती एकच माणसं वरून खालपर्यंत नेत नाहीत. प्रत्येक वळणावर हात बदलतात. आपापल्या दारापुढच्या पायऱ्या ज्याच्या त्याच्या पायांना पाठ असतात. कुठली उंच, कुठली गुळगुळीत, कुठे डावीकडे दबून पाय टाकायचा, हे त्यांना बघावं लागत नाही. दुसऱ्याच्या टप्प्यात शिरायचं नाही, हा इथला नियम. लेओबार्दोने बाबांच्या, हात असलेल्या खुर्चीला दोन्ही बाजूंनी दांडे बसवले आहेत. ती दाराबाहेर ठेवली आहे. शेजारच्या ओर्तेगा बंधूंपासून खालच्या शिंप्यापर्यंत सात जोड्या ठरल्या आहेत, आणि नाक्यावरच्या टॅक्सीवाल्यालाही सांगून ठेवलंय. खुर्चीत मी दिसले की कुणी काही विचारायचं नाही, उचलायचं.

तेव्हा काळजी सोड, असं सांगून तू ती सोडणार नाहीस हे माहीत असूनही सांगते.

तुझी,
आम्पारो


इरापुआतो
१९ मे १९८७

चि. आम्पारो हिस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. म्हणजे माझ्या मुलीला मूर्तीसारखी आणि शवपेटीसारखी सात वेळा या हातातून त्या हातात देणार! बाई गं, दुधाचं पातेलं एका हातातून दुसऱ्या हातात देताना सांडतं, तू तर माणूस आहेस.

मी शनिवारी दुपारच्या बसने येते आहे. तुझी पिशवी भरून ठेव. येताना मुरंबा आणते, तो तिथल्या लोकांना वाट आणि त्यांचा निरोप घे. यावर उत्तर लिहू नकोस, मी निघालेली असेन.

आई


ग्वानाहुआतो
२४ मे १९८७

ती. आईस,
शि. सा. न.

आई, तू आहेस तरी कुठे? काल दुपारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली काहीतरी गलका ऐकला, पण गल्लीत गलका नेहमीचाच. उतरून येते तर दारात मुरंब्याची टोपली, आणि खुर्ची गायब! मी टोपली ओळखली आणि दारातूनच तुला हाका मारल्या.

तेवढ्यात ओर्तेगांचा थोरला घामाघूम होऊन वर आला. मला दारात उभी बघून तो भिंतीलाच टेकला. मी इथे आहे तर मग आम्ही कुणाला पोचवून आलो, असं तो मलाच विचारायला लागला. त्याच्या मागून फिदेन्सिओ आला, मग एकेक करून सगळेच. सगळ्यांच्या माना खाली. क्रेसेन्सिओकाका तर म्हणाले की मला वजन जरा जास्त वाटलं होतं, पण मी समजलो जुळी असतील.

टॅक्सीवाला सांगतो की बाईंनी मला बस स्थानकावर न्यायला लावलं आणि वाटेत अशा शिव्या दिल्या की मी पैसे मागितले नाहीत. तू सुखरूप असल्याचं पत्र ताबडतोब टाक. मला हसू येतंय आणि रडूही येतंय, आणि दोन्हींनी पोट दुखतं.

तुझी,
आम्पारो


इरापुआतो
२९ मे १९८७

चि. आम्पारो हिस,
अ. उ. आ.

जिवंत आहे. आधी पोटाला जप, मग हस.

झालं ते असं. ऊन मी म्हणत होतं, म्हणून शाल डोक्यावरून ओढून घेतली होती. तुझ्या दारापर्यंत पोचेतो माझ्या कुशीत अशी चमक भरली की टोपली खाली ठेवून समोर दिसली त्या खुर्चीत बसले आणि पोट धरून आई गं, आई गं करत राहिले. डोळे मिटलेले. तेवढ्यात खुर्ची अधांतरी! मी ओरडले. पुढच्याची पाठ माझ्याकडे, मागच्याला फक्त माझी शाल दिसत होती. मी ओरडले की मला खाली ठेवा, तर पुढचा मागच्याला म्हणाला की माझी बायकोही अशीच ओरडत होती, लक्ष देऊ नकोस. वळणावर दुसरे दोघे तयारच. त्यांना मी सांगितलं की मी तिची आई आहे. ते म्हणाले, हो हो, होणारच आहात आता, धीर धरा! त्यानंतर मी सांगणं सोडून दिलं आणि शिव्या द्यायला लागले. गल्लीतल्या बायका खिडक्यांतून माझ्यासाठी देवाची प्रार्थना करत होत्या.

खाली टॅक्सीत बसवल्यावर मला इतकी लाज वाटली की पुन्हा त्या पायऱ्या चढून सगळ्यांना तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. म्हणून परत आले. तुला न भेटता आले, हे मात्र मनाला लागून राहिलं आहे.

आता एक गोष्ट लिहिते, ती त्या लोकांना सांगू नकोस. मी सत्त्याऐंशी किलोची बाई. सात जोड्यांनी हातोहात नेलं आणि मला एकदाही धक्का बसला नाही. एकाच्या हाताला पिठाचा वास, एकाच्या खडूचा, आणि सगळे जण माझ्या ओरडण्याला दाद न देता पायरीगणिक बेताने उतरत होते, जणू मी त्यांचीच कुणी होते. तुझे वडील गेल्यापासून मला कुणी हात देऊन उठवलेलंसुद्धा नाही. टॅक्सीत मी रागाने रडले असं तुला कुणी सांगितलं असेल, तर ते अर्धंच खरं आहे.

राहा तिथेच. मी हट्ट सोडला. मुरंबा सात घरांत सारखा वाट. ज्याला माझं वजन जास्त वाटलं त्याला लहान बरणी दे.

तुझी आई


ग्वानाहुआतो
२० जुलै १९८७

ती. आईस,
शि. सा. न.

तार मिळाली असेलच. मुलगी झाली, गुरुवारी, रात्री साडेदहाला. रंग बाबांचा, आवाज तुझा. आम्ही दोघी बऱ्या आहोत. पण तारेत जे मावलं नाही ते लिहिते, कारण तुझ्यापासून लपवलं तर मला दूध यायचं नाही.

दुपारी तीन वाजता कळा सुरू झाल्या आणि त्याच वेळी पाऊस कोसळायला लागला. पायऱ्यांवरून ओढ्यासारखं पाणी धावत होतं. तरी ओर्तेगा आले, आधी माझा चेहरा नीट बघून घेतला आणि उचललं. तिसऱ्या वळणापर्यंत मला फक्त माझ्या कळा जाणवत होत्या, उतार नाही. तिथे फिदेन्सिओ आणि त्याचा जावई थांबले, आणि पुढे हात करायला कुणीच नव्हतं. तिथून पुढचा टप्पा आर्रियागांचा, आणि ते सगळं कुटुंब गेल्या महिन्यात लेओनला गेलं, बुटांच्या कारखान्यात. सुटाबुटातली नोकरी नाही, पण सपाट गाव आणि दाराशी बस. आमच्यापैकी कुणाच्या लक्षातच आलं नाही की त्यांच्याबरोबर त्यांचा टप्पाही ओस पडला. फक्त अकरा पायऱ्या आहेत, पण गल्लीतल्या सगळ्यांत उभ्या.

फिदेन्सिओ पायाने चाचपत पुढे निघाला. चौथी पायरी हलली. तो एका गुडघ्यावर आपटला, पण दांडा सोडला नाही. मी खुर्चीतून पुढे झुकले, खाली नुसतं पाणी दिसत होतं, आणि आई, तेव्हा मला तुझा प्रश्न आठवला. तुला खाली कोण आणणार? मी इतकी कधीच भ्याले नव्हते. मग तो तसाच लंगडत एकेक पायरी उतरला आणि पुढच्या वळणावर पुढच्या जोडीने मला घेतलं.

फिदेन्सिओच्या गुडघ्याला सहा टाके पडले. तो म्हणतो की पायरीपुढे कुणी नुसतं सांगायला असतं की इथे जपून, तरी पुरलं असतं. लेओबार्दोने तेव्हापासून नीट जेवण केलेलं नाही. काल तो म्हणाला की तुझी आई पहिल्यापासून बरोबर होती. उद्या आर्रियागा गेले, परवा आणखी कुणी जातील, मग उरलेल्यांनी कुणाच्या हातात काय द्यायचं? त्याने तुझ्या बाजूला काम मिळेल का ते बघायला सांगितलं आहे. तेव्हा तू जिंकलीस. तुझ्या रस्त्यावर आमच्यासाठी दोन खोल्या बघ. हे लिहिताना मी समोरच्या टेकडीकडे बघत नाहीये.

नातीचा पापा आणि माझा नमस्कार.

तुझी,
आम्पारो


इरापुआतो
२६ जुलै १९८७

चि. आम्पारो हिस,
अ. उ. आ. आणि नातीला भरभरून आशीर्वाद.

खोल्या बघितल्या नाहीत, बघणारही नाही. जावईबापूंना म्हणावं, पोटभर जेवा आणि कामावर जा.

जूनमध्ये मला चार दिवस ताप होता, ते तुला कळवलं नाही. दाराबाहेर सपाट रस्ता, टॅक्सी येण्याची उत्तम सोय, आणि चार दिवस एकाही माणसाने दार वाजवलं नाही. पाचव्या दिवशी एक बाई आली, ती मुरंबा का नाही ते विचारायला. त्या चार दिवसांत मी पडल्या पडल्या तुझ्या त्या सात जोड्यांची नावं आठवत बसले होते. मला दोनच आठवली, याचं वाईट वाटलं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी लेओनला जाऊन आले. आर्रियागांचा पत्ता बुटांच्या कारखान्यात विचारत विचारत काढला. माणसं चांगली आहेत, पण बाई सारखी भिंतीला हात लावून चालते. सपाटीवर तिला अजून तोल सापडत नाही. तुमच्या गल्लीतलं त्यांचं घर बंद ठेवण्यापेक्षा कुणी राहिलं तर बरं, असं ती म्हणाली. किल्ली माझ्याजवळ आहे. इथलं भाड्याचं घर मी महिनाअखेर सोडते.

खुर्ची मला उचलता येणार नाही, हे मला कळतं. तो टप्पा फिदेन्सिओनेच उतरवायचा. पण त्याच्यापुढे उभं राहून कुठली पायरी हलते, कुठली निसरडी आहे, कुठे कडा झिजली आहे, ते ओरडून सांगायला तर माणूस हवं ना? चौथीचं तू लिहिलंसच. उरलेल्या दहांत काय काय खोट आहे ते मी आठ दिवसांत शोधून काढते. त्या कामात मला आजवर कुणी मागे टाकलेलं नाही.

बाकी भेटीत. पहिल्या तारखेला दुपारच्या बसने येते. ओर्तेगांना सांगून ठेव, की मी चढत असताना धापा टाकत कुठे बसले, तरी मला हात लावायचा नाही. या वेळी मी माझ्या घरी चालले आहे.

तुम्हा तिघांची,
एर्मिनिया