पिशवीचा अभ्रा

४ फेब्रुवारी
आमच्या म्हाताऱ्याला आज वॉर्डात हलवलं. स्टुलावर चढून बल्ब बदलायला गेला आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. ऑपरेशन झालं, आत लोखंड घातलंय. डॉक्टर म्हणतात, छान बसलंय. लोखंड छान आहे, म्हातारा कसा आहे ते कोणी सांगत नाही.
लघवीला नळी लावलीय, खाटेच्या कडेला पिशवी लटकवलीय. सकाळी लेक जाणार, संध्याकाळी मी. घरात भांडायला कोणी नाही, म्हणून हे लिहीत बसलेय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. असू दे, वाचणार कोण.

५ फेब्रुवारी
वॉर्डातली सिस्टर फौजदार आहे. बुटकी, घसा कायमचा बसलेला, पण सगळा वॉर्ड टरकून असतो.
मी गेले तेव्हा हा झोपलेला, पिशवी भरत आलेली. म्हटलं, ती बिचारी एकटी किती खाटा बघणार. शेजारच्या खाटेखालचं भांडं ओढलं आणि वाकले.
"आजी, हात मागे."
मी हात मागे घेतला. माझ्या सासूनंतर पहिल्यांदाच कोणाचं तरी ऐकलं.
"प्रत्येक पेशंटचं भांडं वेगळं. शेजारच्यांचे जंतू आजोबांना द्यायचेत का?"
मग तिनं हात धुतले, हातमोजे चढवले, याचं भांडं आणलं. पिशवीची तोटी भांड्याला टेकू न देता रिकामी केली, तोटी पुसली, परत हात धुतले. म्हटलं, "एवढं धुऊन हातावरच्या रेषा जातील तुझ्या." म्हणाली, "गेल्याच आहेत आजी, म्हणून तर अजून इथेच नोकरी करतेय."
आवडली मला.
हा जागा झाला. मी काय करायला गेले होते ते ऐकल्यावर तोंड पाडून बसला. "तू कशाला हात लावायचा त्याला?" घ्या. भल्याचे दिवस नाहीत.

७ फेब्रुवारी
सकाळी नळी काढून बघितली. लघवी अडली. आतली गाठ सुजलीय म्हणे. परत घालावी लागली.
लेक सांगत होती, फौजदार रोज राउंडला डॉक्टरांच्या पुढ्यात उभी राहते. "ही नळी आज लागतेच का?" डॉक्टर वैतागतात, तरी दुसऱ्या दिवशी हिचं तेच. संध्याकाळी मीच विचारलं, एवढी घाई का गं बाई, पडूनच आहे हा, तर राहू दे नळी. म्हणाली, "नळी म्हणजे जंतूंना उघडं दार. जेवढे दिवस दार उघडं, तेवढे पाहुणे."
आज पिशवी दिसली नाही. पांघरूण पार खालपर्यंत सोडलेलं. नीटनेटकं ठेवतात हो.

९ फेब्रुवारी
याच्या उशीखाली कंगवा सापडला. दवाखान्यात पडल्या पडल्या भांग पाडतोय! याचा छापखान्यातला दोस्त, टकल्या, येतो ना रोज गप्पा मारायला, मी पोचायच्या आधीच येऊन बसलेला असतो. त्याच्यासाठी विंचरतो की काय, ज्याच्या डोक्यावर औषधाला केस नाही.

१० फेब्रुवारी
ताप. थंडी वाजून आली. दात वाजत होते.
लघवी गढूळ झालीय, तपासायला पाठवली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, आत नवीन लोखंड आहे, जंतू रक्तातून तिकडे गेले तर खुबा पुन्हा उघडावा लागेल. मी विचारलं, झेपेल का याला? ते पुढच्या पेशंटकडे वळले.
जेवण गेलं नाही. भात कुत्र्याला घातला.

११ फेब्रुवारी
फौजदारानं आज सगळं तपासलं. नळी मांडीला नीट चिकटवलीय का, कुठे मुडपलीय का, नळी-पिशवीचा सांधा कोणी उघडला का. रोज साबण-पाण्यानं स्वच्छ करते ती स्वतः, कुठे चूक सापडेना. "माझ्याकडून काय राहिलं?" असं दोनदा म्हणाली. घसा आणखीच बसला तिचा.
भेटायची वेळ झाली, मी होते, टकल्या होता. ती ताप बघायला आली आणि पांघरूण वर केलं. पिशवी याच्या पोटावर! खाटेच्या कडेवरून हात घालून पिशवीचा आकडा काढायचा आणि ती वर घेऊन पांघरुणाखाली दडवायची, रोजचा धंदा.
"आजोबा, ही वर कोणी घेतली?"
हा छताकडे बघत बसला. जसं काही छतानं घेतली.
तिनं पिशवी परत खाली अडकवली, कमरेच्या खाली पण जमिनीला टेकू न देता. मग खाटेशी बसली. ओरडली नाही. "पाणी उताराला जातं ना? पिशवी वर घेतली की तेच घाण पाणी मागे फिरतं, जंतूंना घेऊन."
मी मात्र सोडलं नाही. "टकल्यापुढे कसली लाज? त्याला लघवी होत नाही का?"
टकल्या बूट बघत बसला.

१२ फेब्रुवारी
सिस्टर म्हणाली, "लाज वाटते तर झाकू आपण, पण वर नाही घ्यायची. शिवता येतं का तुम्हाला?" मला विचारते! लेकीचे सगळे फ्रॉक कोणी शिवले?
याचा कॉलर फाटलेला पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट होता, त्याचा अभ्रा बेतला. मागची बाजू उघडी, तिला लघवीचा रंग आणि माप दिसलं पाहिजे. रोज धुवायचा, म्हणून दोन शिवले.
"माझा शर्ट फाडलास?"
"तुमच्याच कामाला आला ना."

१३ फेब्रुवारी
ताप आहेच. पण पिशवी खाली आहे.

१४ फेब्रुवारी
ताप उतरला. औषध लागू पडलं. शिरा मागितला त्यानं, आणि केला तर म्हणतो साखर कमी. बरा आहे मेला.
पलीकडच्या खाटेवरचा ड्रायव्हर म्हणतो, आजी, मला निळा अभ्रा शिवा. दुकान टाकू का मी?

१७ फेब्रुवारी
नळी काढली. फौजदार दर थोड्या वेळानं येऊन विचारायची, "झाली का?" सगळा वॉर्ड कान लावून. दुपारी झाली! ड्रायव्हरनं टाळ्या वाजवल्या. मी पोचले तर फौजदार दारातच हसत उभी, लग्न ठरल्यासारखी. परवा घरी.

१८ फेब्रुवारी
जिन्यात टकल्या भेटला. म्हटलं, "तुमच्यापायी माझा नवरा मरत होता हो. तुमच्यापुढे लाजायचा."
म्हणाला, "वहिनी, मला तर पहिल्याच दिवशी पिशवी दाखवली त्यानं. म्हणे, राजासारखं आहे, उठायलाच नको. तुमच्या चपलांचा आवाज आला की घ्यायचा वर. मग कंगवा."
गाढव आहे. माझी बाळंतपणं बघितली, माझ्या उलट्या काढल्या, आणि आता हे.
उद्या त्याला आणायचंय. लेकीला म्हटलं, माझ्या केसांना तेल लाव आणि नीट विंचरून दे. म्हणाली, "दवाखान्यात तर जायचंय आई, तिथे कोण बघतंय?"