बसऱ्याच्या पणजोबांचा तांब्या

सोलापूर, सर्वपित्री अमावस्या, संध्याकाळ

सकाळपासून तो तांब्या डोळ्यांपुढून हलत नाही. आईनं पितरांची पानं गच्चीवर ठेवली आणि पणजोबांच्या पानाशेजारी दरवर्षीसारखा भरलेला तांब्याही. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांना मोहोळहून बसऱ्याला नेलं, टायग्रिस नदीवर बोटींतला माल उतरवायला. नदीकाठी राहून माणूस तहानेनं गेला, एवढंच परत आलेल्या गावकऱ्यानं सांगितलं. कोणत्या दिवशी, ते त्यालाही आठवेना. तिथी नाही, म्हणून श्राद्ध आज.

आणि काल कॉलेजात मी काय शिकवत होतो? तीच नदी. बगदादची रेल्वे जर्मनांनी बांधायची, टायग्रिसवरच्या बोटी इंग्रजांच्या हातात राहायच्या, मुलूख ज्यांचा त्या तुर्कांनी मान डोलवायची. युद्धाआधीच बोलणी झाली, वाद मिटला. पाच मार्कांना हमखास येतं, असंही वर म्हणालो. पणजोबा आठवलेसुद्धा नाहीत. कसे आठवले नाहीत?

दुपारी जेवताना आईला हे सांगून बसलो. नको होतं सांगायला.

"म्हंजी रेल्वे कुणाची, नदी कुणाची, समदं आदीच ठरलं हुतं?"

"हो. कागदावर ठरलं होतं."

"मग आजेसासऱ्यांना कशापायी नेलं?"

मी युद्धाची कारणं सांगायला लागलो. वर्गात सांगतो तीच, त्याच क्रमानं. तिनं सगळी ऐकून घेतली आणि तांब्या पुन्हा भरायला वर गेली.