आमच्या गंजीचा नमुना

७ सप्टेंबर
प्रयोगशाळेत साहेबांनी काम दिले. नवे यंत्र गवताचा कस दोन मिनिटांत सांगते. जुन्या पद्धतीत सुकवा, दळा, आम्लात उकळा, चार दिवस. दोन्हींचे आकडे जुळतात का, ते पाहायचे. आमच्या घरातली शिकलेली मी पहिली. चूक परवडणार नाही. नमुना आमच्याच गवताच्या गंजीचा घ्यायचा, पण मी काढला तर पक्षपात होईल. म्हणून आईला काढायला सांगितला. ती म्हणाली, "आठ दिवस दे." किती काटेकोर! माझ्यावर गेली आहे.

१९ सप्टेंबर
प्रथिने. यंत्र: १३.०. जुनी पद्धत: १३.१. दोनदा तपासले. तिसऱ्यांदाही, कारण दुसऱ्यांदा शिंक आली होती.

२१ सप्टेंबर
घरी. आमची गाय जोयाना गाभण, म्हणून बाबा हिवाळ्यासाठी लसूणघासाची गाडी सांगणार होते. मी कागद दाखवला. इतके कसदार गवत असताना ही उधळपट्टी कशाला? बाबा बराच वेळ कागद पाहत राहिले. मग म्हणाले, "तू म्हणतेस तर नको." शेजारचे ओनुत्सकाका कुंपणावरून बाबांना ओरडून म्हणाले, "ग्लिगोर, आता गाईंना कागदच घाल!" अडाणी.

११ डिसेंबर
आईचा फोन. जोयानाच्या बरगड्या मोजता येतात म्हणे. गाभणपणात असे होते. कुठेतरी वाचले होते. शोधले. सापडले नाही.

१४ जानेवारी
बाकीच्या दोन गाईही वाळल्या. गावाकडचा घाट बर्फाने बंद. आकडे पुन्हा तपासले. बरोबर आहेत. म्हणजे गाईंचेच काहीतरी चुकते आहे.

२ फेब्रुवारी
घाट उघडला. घरी गेले. गव्हाणीत नुसत्या काड्या. चांगले गवत कुठे, म्हणून विचारले. आई म्हणाली, "चांगलं तेवढं तुझ्या साहेबांकडे पाठवलं की! लेकीच्या कचेरीत काड्या पाठवू होय? आठ दिवस एकेक पान वेचलं, चाळणीतून काढलं." मग तिने विचारले, "आवडलं का गं त्यांना?"
वीस ठिकाणांहून नमुना काढला. स्वतः.

३ फेब्रुवारी
यंत्र: ५.९. लसूणघास लगेच सांगणार होते. पण एकाच पद्धतीवर विसंबणे बरे नव्हे. दुसरा आकडा येऊ दे. चारच दिवस.

७ फेब्रुवारी
जुनी पद्धत: ६.०. सुंदर जुळले. साहेब खूश. गाडी सांगितली.

९ फेब्रुवारी
लसूणघास दुपारी पोचला. जोयाना परवापासून उठत नव्हती. सकाळी गेली. पोटातले वासरूही.
बाबांना समजावले, दोन्ही पद्धती बरोबर होत्या, नमुना तेवढा चुकला. ते म्हणाले, "गवत हलकं होतं, ठाऊक होतं मला. मीच कापलं ना, उशिरा."
मग लसूणघास का नाही आणलात, मी विचारले.
"घरात शिकलेली तू, लुक्रे. मला वाटलं, माझंच काही चुकत असेल."